सोलेनॉइडला लावलेलं गंध

मी एकदा एका गाडीच्या सोलेनॉइडला गंध लावलं होतं. नुसतं वरून बोट टेकवलं असतं तर एक वेळ चाललं असतं. मी नट काढला, केबल बाजूला केली, आतला तांब्याचा खुंट चिंचेने समईसारखा लख्ख घासला, त्यावर दाट गंध थापलं, गंधावर कुंकू, कुंकवावर अक्षता, आणि ते सगळं तसंच आत ठेवून वर केबल बसवली आणि नट घट्ट आवळला. हे करताना माझ्याकडे पदार्थविज्ञानाची बी.एस्सी. होती. दुसऱ्या वर्गात. हे दुसऱ्या वर्गाचं मी त्या काळी कुणी न विचारता सांगत असे.

हे मद्रासला झालं. आता चेन्नई म्हणतात, पण गंध मी मद्रासमध्ये लावलं, म्हणून तसंच लिहिते. साठ सालाच्या पुढची दोन-तीन वर्षं असतील. पुण्याहून लग्न होऊन मी तंजावरकडच्या मराठी घरात आले होते. ही माणसं कित्येक पिढ्यांपूर्वी इकडे आलेली. त्यांचं मराठी ऐकताना मला वाटायचं, आपण आपल्या पणजीशी बोलतो आहोत आणि पणजीला मधूनच तमिळ सुचतं आहे. माझं मराठी ऐकून त्यांना काय वाटायचं ते सासूबाईंनी एकदा सांगून टाकलं.

"तू बोलतेस ते रेडिओवरच्या बातम्यांसारखं वाटतं गे. चांगलंच असतं. पण आपल्याशी कुणी बोलतंय असं वाटत नाही."

त्यांचं बोलणं मी इथे बरंचसं माझ्या वळणाने लिहिते आहे, नाहीतर माझ्याच नातवंडांना कळायचं नाही.

मामंजी, म्हणजे माझे सासरे, एका परदेशी कंपनीच्या बंगल्यांचं आवार सांभाळायचे. अड्यार नदीच्या अलीकडे चार बंगले, मधोमध मोठी हिरवळ आणि अगदी मागे, केळी आणि विहिरीच्या पलीकडे, आमचं क्वार्टर. इतर ठिकाणी तेव्हा हिरवळ कापायचं यंत्र बैल ओढायचा. गवतावर खूर उमटू नयेत म्हणून बैलाला चामड्याचे बूट घालायचे. ते बूट घातलेले बैल मी आल्या आल्या पाहिले आणि पुण्याला पत्रातून कळवले. आईला वाटलं, मुलीला इथलं ऊन लागलं.

आमच्या आवारात मात्र बैल नव्हता, गाडी होती. आधीच्या साहेबाने ती त्याच्या देशातून आणवली होती. परत जाताना त्याने बायको, कुत्रा आणि पियानो नेला आणि गाडी मामंजींच्या गळ्यात घालून गेला. लाल रंगाची, वासराएवढी उंच, पुढे एकच दिवा, वर बसायला भोकं पाडलेली लोखंडी बैठक, पोटाखाली पाती. किल्ली फिरवली की आपोआप सुरू व्हायची. माळी तिला पुल्लु वंडी म्हणायचा, म्हणजे गवताची गाडी. तिच्यावर बसण्याआधी तो डोक्याचं मुंडासं सोडून नव्याने बांधायचा आणि मिशीवरून हात फिरवायचा. मग अर्धा दिवस, तोंडावर कसलाही भाव न आणता, हिरवळीवर गोल गोल फिरायचा.

आता माझं काय अडलं होतं ते सांगते. मैलापूरच्या बाजूला मुलींची एक शाळा होती. तिथल्या विज्ञानाच्या बाई नवऱ्याच्या बदलीमुळे वर्षाच्या मध्येच सोडून गेल्या होत्या. शाळेच्या मुख्य बाई नवरात्रात आमच्याकडे बाहुल्यांची आरास, म्हणजे कोलू, बघायला आल्या, माझ्याशी दोन वाक्यं बोलल्या, म्हणजे मी दुसऱ्या वर्गाचं सांगितलं, आणि त्यांनी विचारलं, "दसऱ्यानंतर येता का शिकवायला?" पुढच्या सोमवारी त्यांना उत्तर हवं होतं.

मला त्या घरात कुणाचा जाच नव्हता. पण दुपारी तांदूळ निवडताना मी खड्यांचे प्रकार पाडायला लागले होते. पाण्यात लगेच बुडणारे एकीकडे, रेंगाळत बुडणारे दुसरीकडे. एकदा सासूबाईंनी ते दोन ढीग पाहिले आणि दोन्ही एका हाताने गोळा करून खिडकीबाहेर टाकले. त्या दिवशी मी न्हाणीघरात जाऊन रडले होते. एवढ्याशा खड्यांसाठी रडणारी बाई आज मला हसू येण्याजोगी वाटते. पण तिला ती शाळा किती हवी होती, ते मला अजून आठवतं.

नोकरीचा निकाल सासूबाईंच्या हातात होता. मामंजींनी आधीच सांगितलं होतं, "माझं काही नाही. स्वयंपाकघर त्यांचं, सून त्यांच्या हाताखालची." आमचे हे रोज पहाटे आवडी नावाच्या गावातल्या कारखान्यात हिशेबाच्या कामाला जायचे, संध्याकाळच्या गाडीने परत यायचे. त्यांचंही काही नव्हतं. पुरुषांचं असल्या वेळी सहसा काही नसतं.

सासूबाई फक्त म्हणाल्या, "दसरा होऊ दे."

दसऱ्याच्या आदल्या दिवशी आमच्याकडे पुण्यात खंडेनवमी असते, इकडे आयुधपूजा. हत्यारांची पूजा करायची आणि त्या दिवशी हत्यार चालवायचं नाही. मद्रासमध्ये या दिवसाला जो थाट असतो तो मी जन्मात पाहिला नव्हता. सायकली, शिवणयंत्रं, बस, रिक्षा, दुकानातले तराजू, सगळ्यांच्या कपाळाला गंधकुंकू. सासूबाईंनी विळीची, पाट्याची, पोहऱ्याची पूजा केली. सहाणेवर भरपूर चंदन उगाळून मला वाटी दिली. म्हणाल्या, "जा, गाडीच्या चाकांना लाव. चार चाकं, एक स्टीअरिंग, पुढे एक मोठा टिळा. झालं."

एवढं सोपं काम मला कसं पटणार? मी विचार केला, चाक हे काय या गाडीचं आयुध आहे? चाक तर बैलगाडीलाही असतं. या गाडीचा जीव आहे विजेत. बॅटरीतून प्रवाह निघतो, सोलेनॉइडमधून स्टार्टरकडे जातो, स्टार्टर इंजिनला फिरवतो. तेव्हा पूजा व्हायची तर तिथे व्हायला हवी. पुण्याच्या सुनेने तंजावरच्या घराला शास्त्रोक्त आणि शास्त्रीय अशी दोन्ही प्रकारची पूजा एकदम दाखवायची, असा माझा बेत होता.

मी माळ्याकडून पाना घेतला. आधी बॅटरीची केबल सोडवली, झटका बसू नये म्हणून. बघा, किती शहाणी. सोलेनॉइडच्या डबीला दोन जाड तांब्याचे खुंट असतात. एकावर बॅटरीकडून केबल येते, दुसऱ्यावरून स्टार्टरकडे केबल जाते. बॅटरीकडचा नट हलेना, म्हणून त्याला बाहेरूनच टिळा लावला. स्टार्टरकडचा नट निघाला. आतल्या खुंटावर हिरवट काळपट थर होता. समुद्रावरच्या खाऱ्या हवेत तांब्याचं हेच होतं. मी चिंच आणली, घासला, धुतला, पुसला. असा चमकायला लागला की मला भरून आलं. मग गंध, कुंकू, अक्षता. वर केबलचं कडं ठेवून नट आवळला. अक्षतेच्या दाण्यांनी जरा विरोध केला. मी पान्यावर सगळं वजन टाकलं.

माळी बाजूला उभा राहून बघत होता. तो तमिळमध्ये म्हणाला, "अम्मा, आतमध्येसुद्धा?"

मी म्हटलं, "आतमध्येच."

दसऱ्याच्या सकाळी गाडी सुरू करायचा मुहूर्त होता. चारही चाकांपुढे एकेक लिंबू ठेवलं. गाडी त्यांच्यावरून गेली की वाईट दृष्ट चिरडली जाते, अशी इथली रीत आहे. मामंजी उपरणं घेऊन, सासूबाई आरतीचं ताट घेऊन, आणि मी माझं शिक्षण घेऊन उभे होतो. सुट्टी असल्यामुळे हेही होते. माळ्याने मुंडासं सोडून बांधलं, बसला, किल्ली फिरवली.

टक.

एवढंच. पुन्हा फिरवली. टक. लिंबं होती तिथेच होती.

सासूबाईंनी ताट खाली घेतलं. माळी म्हणाला की दृष्ट लागली आहे, कोहळा फोडला पाहिजे. मामंजी म्हणाले, हवा दमट आहे, ऊन खाऊ दे तिला थोडा वेळ. हे म्हणाले, ढकलून पाहू या. आणि तेव्हा मी पुढे होऊन, अगदी रेडिओच्या आवाजात, म्हटलं, "यात दृष्टीचा किंवा उन्हाचा काही संबंध नाही. हा विद्युत-परिपथातला दोष आहे. मी शोधून काढते."

सासूबाईंनी माझ्याकडे पहिल्यांदाच जरा उत्सुकतेने पाहिलं.

"तुला येतं?"

"मी हेच तर शिकले."

"सरि," त्या म्हणाल्या. सरि म्हणजे बरं. "मग हेच ठरलं. माळी बसेल, किल्ली फिरवेल आणि गाडी रीतसर चालायला लागेल, असं करून दे. केलंस तर शाळेला जा. नाही झालं तर त्या शाळेचं नाव या घरात काढायचं नाही. कळलं की नाही?"

मला कळलं. मी आनंदाने मान डोलावली. जी गाडी मी स्वतः बंद पाडली होती, तीच सुरू करण्यावर मी माझी नोकरी लावली.

पहिला संशय बॅटरीवर. पुढचा दिवा लावून पाहिला तर झगझगीत लागला. किल्ली फिरवली, टक झालं, तरी दिवा मंद झाला नाही. खरं तर तिथेच बॅटरी निर्दोष ठरली होती. बॅटरीत दम नसता तर स्टार्टरने ओढ घेताच दिव्याने मान टाकली असती. इथे स्टार्टर ओढच घेत नव्हता. हे आज मी झोपेतही सांगीन. त्या दिवशी मी म्हटलं, "दिव्याला वीज कमी लागते, त्यावरून काही सिद्ध होत नाही," आणि बॅटरी रिक्षात घालून चार्जिंगच्या दुकानात धाडली. ती दुसऱ्या दिवशी परत आली. टक.

"म्हणजे बॅटरी चांगली होती," हे म्हणाले.

"म्हणजे बॅटरी चांगली आहे हे आता सिद्ध झालं," मी म्हटलं.

"कालपर्यंत नुसतीच चांगली होती," ते भाताचा घास घेत म्हणाले.

त्या जेवणात मी सगळ्यांना सोलेनॉइड समजावून सांगितला. पन्हाळीसारख्या नळीवर तारेचे वेढे. किल्ली फिरवली की थोडासा प्रवाह त्या वेढ्यांतून जातो. त्याचं लोहचुंबक होतं. ते आतली सळई ओढतं आणि सळई दोन जाड खुंट एकमेकांना जोडते. मग मोठा प्रवाह स्टार्टरकडे जातो. ताटातल्या सांबाराच्या भांड्याची बॅटरी झाली, पापडाचा स्टार्टर. सासूबाई वाढायच्या थांबल्या नाहीत. मामंजींनी मात्र सगळं लक्षपूर्वक ऐकलं आणि विचार करून म्हणाले, "म्हणजे मोठ्या साहेबाच्या दारावरचा शिपाई. आपण चिठ्ठी दिली की तो उठतो आणि दार उघडतो."

"अगदी तसंच, मामंजी."

"टक होतं म्हणजे शिपाई उठतो आहे. दार उघडतं की नाही ते आपल्याला दिसत नाही."

"तेच तर बघायचं आहे."

"आणि दार उघडलं तरी पुढची वाट मोकळी हवी," ते म्हणाले. "ती केबल नीट बसली आहे ना? तो नट आवळलेला आहे ना?"

मी हसले. त्या हसण्याची मला आजही लाज वाटते. "तो सांधा मी स्वतः साफ करून आवळला आहे, मामंजी. सगळ्या गाडीत तेवढा एकच सांधा असा आहे की ज्याची खात्री मी देऊ शकते."

मामंजी गप्प बसले. बी.एस्सी. झालेल्या माणसापुढे ते नेहमीच गप्प बसायचे. हा त्यांचा चांगुलपणा होता आणि माझं दुर्दैव.

शनिवारी दुपारी मी शिपायाची परीक्षा घेतली. रीत अशी, की सोलेनॉइडच्या दोन्ही बाजू जाड लोखंडाने बाहेरून जोडायच्या. म्हणजे शिपायाला बाजूला सारून आपणच दार उघडायचं. स्टार्टर फिरला तर दोष शिपायाचा, नाही फिरला तर स्टार्टरचा. जाड लोखंड हवं, आणि धरायला लाकडी मूठ हवी. अशी वस्तू घरात एकच होती. सासूबाईंचं दोशाचं उलथनं.

त्या उलथन्याला स्वयंपाकघरात कुणी हात लावत नसे. ते धुवायचंही वेगळं, ठेवायचंही वेगळं. सासूबाई जेवून पडल्या होत्या. मी ते पदराखाली घेऊन बाहेर आले. माळी केळीखाली बसून सुपारी कातरत होता. त्याने मला, उलथन्याला आणि गाडीला पाहिलं आणि तो सावकाश उठून विहिरीच्या पलीकडे जाऊन बसला.

दोन गोष्टी मी पाहायला हव्या होत्या. एक, किल्ली चालू स्थितीत होती. दिवा लावताना मीच ती तशी सोडली होती. दोन, गाडी गीअरमध्ये होती. ती घरंगळून लिंबं वेळेआधी चिरडली जाऊ नयेत म्हणून माळ्याने तसं केलं होतं. लिंबं अजून तिथेच होती. गाडी वरून गेल्याशिवाय ती उचलायची नाहीत, असं सासूबाईंनी बजावलं होतं. तोवर ती सुकून सुपारीएवढी झाली होती. क्लचवर पाय ठेवायला वर कुणी नव्हतंच, कारण मी खाली वाकले होते.

उलथन्याचं एक टोक बॅटरीकडच्या खुंटावर टेकवलं, दुसरं स्टार्टरच्या केबलच्या कड्यावर. निळी ठिणगी उडाली, इंजिन फटफटलं आणि गाडी चालायला लागली.

वेग काही फार नव्हता. वरात निघावी तशी ती निघाली. चारही लिंबं शिस्तीत चिरडली आणि आमच्या क्वार्टरकडे वळली. मी "थांब, थांब" म्हणत मागे. कुणाला म्हणत होते कोण जाणे. विहिरीजवळ दोन बांबूंवर सासूबाईंचं सोवळ्याचं नऊवारी वाळत होतं. गाडी त्याच्याखाली शिरली, आणि पलीकडून बाहेर आली तेव्हा तिने डोक्यावरून हिरवं लुगडं घेतलेलं होतं. दोन्ही अंगांनी पदर सोडून ती केळीच्या बेटात शिरली, एक केळ आडवी केली आणि बंद पडली.

पाती वर उचललेली होती, म्हणून लुगडं वाचलं. पण वळून बघते तर सासूबाई दारात उभ्या. त्यांनी आधी गाडीकडे पाहिलं, मग माझ्या हातातल्या काळ्या पडलेल्या उलथन्याकडे.

मी म्हटलं, "सुरू झाली ना?"

"मी सुरू कर म्हटलं होतं," त्या म्हणाल्या. "सासरी पाठव म्हटलं नव्हतं."

"पण परीक्षा यशस्वी झाली. स्टार्टर चांगला आहे. दोष सोलेनॉइडचा आहे, हे नक्की झालं."

"माळी बसला होता का?"

"नाही."

"किल्ली फिरवली होती का?"

"नाही, पण..."

"पोरुम," त्या म्हणाल्या. पुरे. "उलथनं विहिरीवर ठेव. आत आणू नक्को."

त्या रविवारी आमच्याकडे दोशाऐवजी उपमा होता.

बाजारात सोलेनॉइड मिळतो का ते बघायला हे शनिवारीच संध्याकाळी माउंट रोडवर सुट्या भागांच्या दुकानांत सगळीकडे फिरून आले. त्या गाडीचा सोलेनॉइड साऱ्या मद्रासेत नव्हता. बाहेरून मागवायचा तर परवाना, आणि परवाना यायचा तोवर माझ्या शाळेतल्या मुली नातवंडवाल्या होतील, असं दुकानदार म्हणाला. म्हणजे मुलींचं ह्यांनी पदरचं घातलं असावं. मग आता एकच उपाय उरला होता. तो काढायचा, फोडायचा आणि आत काय झालं आहे ते बघायचं. फोडलेला सोलेनॉइड पुन्हा बंद करता येतो की नाही, मला ठाऊक नव्हतं. उद्या सोमवार होता.

दुपारी सगळे आडवे झाल्यावर मी केळीत गेले. गाडी अजून तिथेच होती. लुगडं तेवढं सासूबाईंनी सोडवून पुन्हा धुऊन वाळत घातलं होतं. बॅटरी सुटी केली. स्टार्टरकडच्या नटाला पाना लावला, कारण डबी काढायची तर आधी केबल काढायला हवी. नट फिरवला, कडं उचललं, आणि त्याच्या पोटात पिवळा, वाळून टणक झालेला थर. त्यात लाल ठिपका. आणि थरात रुतलेले तीन दाणे, मद्रासी तांदळाचे, हळद लावलेले.

पहिला विचार मनात आला तो असा: हे कुणी केलं?

मग वास आला. चंदनाचा.

शिपाई निर्दोष होता. बिचारा दर वेळी उठून दार उघडत होता. दाराबाहेर वाटेवर मी देव बसवला होता. गंध वाळलं की त्यातून वीज जात नाही, आणि तांदळाचे दाणे मध्ये असल्यावर नट कितीही आवळा, तांब्याला तांबं लागत नाही. शनिवारी उलथनं कड्यालाच टेकलं, म्हणून गंधाला वळसा घालून वीज पुढे गेली. बारावीतल्या मुलीलाही समजावं असं होतं. मला वाटलं, अशा बाईकडे कुठली शाळा कुणाच्या मुली देईल? आणि लगेच दुसरं वाटलं, की अजून कुणी पाहिलेलं नाही.

अंबाड्यातला आकडा काढला आणि त्याने सगळं खरवडून काढलं. दाणे केळीच्या बुंध्याशी पुरले. रॉकेलच्या बोळ्याने खुंट पुसला, कडं पुसलं, नट आवळला. या वेळी पाना गोडीने फिरला. आकडा पदराला पुसून परत अंबाड्यात खोचला.

चार वाजता मी सगळ्यांना बोलावलं. मामंजींनी आणि ह्यांनी गाडी ढकलत हिरवळीवर आणली. सासूबाईंनी न बोलता चार नवी लिंबं आणून चाकांपुढे ठेवली. माळ्याने मुंडासं बांधलं. किल्ली फिरवली. टक, आणि त्या टकला जोडूनच इंजिन गुरगुरलं. लिंबं चिरडत गाडी हिरवळीवर निघाली, आणि माळ्याच्या तोंडावर नेहमीसारखा कसलाही भाव नव्हता.

"काय होतं मग?" ह्यांनी विचारलं.

मी तयारीतच होते. "सोलेनॉइडच्या संपर्कबिंदूंवर एक विजातीय थर जमला होता. तो वीजरोधक होता. काढून टाकला."

"विजातीय," मामंजी कौतुकाने म्हणाले. "या खाऱ्या हवेत काय काय जमतं."

सासूबाई ताट घेऊन आत गेल्या. ना होय म्हणाल्या, ना नाही. मी त्यांच्या पाठीकडे बघत राहिले. शर्त जिंकली होती, पण ती शर्त त्यांच्या ध्यानात आहे की नाही, हे विचारायची माझी छाती होईना.

दिवेलागणीला त्यांनी हाक मारली. देवापुढे समई लावून झाली होती आणि त्या मोगऱ्याचा गजरा ओंजळीत घेऊन बसल्या होत्या. "बस इथे, पाठ कर." मी बसले. त्यांनी गजरा अंबाड्याभोवती फिरवला आणि पक्का करायला माझाच आकडा उपसला.

मग मागे काही हालचाल होईना.

मी मान वळवली. त्यांनी आकडा समईच्या उजेडात धरला होता. त्याच्या बेचक्यात पिवळं काहीतरी अडकलेलं होतं. त्यांनी ते नखाने काढलं, बोटांत चुरलं आणि नाकाशी नेलं. चंदन त्यांच्याच सहाणेवरचं होतं, त्यांना ओळखायला वेळ लागला नाही. नंतर त्या गाडी उभी होती त्या दिशेला बघत बसल्या. सगळा हिशेब, पूजेपासून लिंबांपर्यंत, त्यांच्या तोंडावर एकेक पायरी चढताना मला दिसला. मी खाली बघितलं. मोगऱ्याच्या वासात रॉकेलचा वास मिसळला होता.

त्यांनी आकडा पदराने स्वच्छ पुसला, गजऱ्यात खोचला, दोनदा दाबून पक्का केला आणि माझ्या खांद्यावर हात ठेवून उठता उठता म्हणाल्या, "उद्यापासून शाळेला जा गे. घरचं गंध मात्र मीच उगाळते, आणि मीच लावते."